मोठे मामा, धाकटे मामा आणि पोटातली नळी



गेल्या महिन्यात आपण घरातल्या ज्येष्ठांचे पासवर्ड आणि ओटीपी यांबद्दल बोललो. या महिन्याचा विषय अगदी वेगळा आहे. पोटातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी फुगली तर काय होतं, आणि पोट न उघडता, आतून नळी बसवून ती कशी दुरुस्त करतात, हे आज सांगणार आहे. मी बी.ई. झालेला सॉफ्टवेअरवाला आहे, डॉक्टर नाही. पण गेल्या दीड वर्षात माझ्या दोन मामांमुळे हा विषय आमच्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसला. दोघांना एकच आजार निघाला आणि दोघांना उत्तर मात्र वेगवेगळं मिळालं. ते वेगळं का, हे कळलं तर तुमच्या घरातही कधी उपयोग होईल, म्हणून हा लेख.

आजार आहे तरी काय?

हृदयातून निघालेली महाधमनी छातीतून खाली पोटात उतरते. वाटेत ती दोन्ही मूत्रपिंडांना फांद्या देते आणि बेंबीच्या आसपास दोन भागांत विभागून दोन्ही पायांकडे जाते. पोटात तिची रुंदी साधारण २ सें.मी. असते. ती ३ सें.मी. किंवा जास्त झाली की डॉक्टर त्याला ॲन्युरिझम म्हणतात. रिपोर्टमध्ये बहुधा नुसतं 'ए.ए.ए.' लिहिलेलं असतं. बहुतेकदा हा फुगवटा मूत्रपिंडाच्या फांद्यांच्या खाली असतो.

लांबट फुगा फुगवून पाहा. सुरुवातीला जोर लावावा लागतो, पण एकदा एका जागी फुगू लागला की तीच जागा सहज फुगत जाते. नळी जितकी रुंद, तितका त्याच दाबाने भिंतीवर येणारा ताण जास्त. लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने हा नियम बारावीच्या पुस्तकापासून ओळखीचा आहे. धमनीच्या बाबतीतही तेच घडतं. भिंत आधी कमकुवत होते, मग फुगते, फुगली की ताण वाढतो, आणि ताण वाढला की आणखी फुगते. कमकुवत होण्यामागे मुख्य कारणं म्हणजे सिगारेट-बिडी, वाढतं वय, वाढलेला रक्तदाब आणि घराणं. पुरुषांमध्ये हे प्रमाण स्त्रियांपेक्षा बरंच जास्त आहे.

वाईट गोष्ट अशी की हा आजार दुखत नाही. बहुतेकांना काहीच कळत नाही. आणि एकदा फुटला की दहातले साधारण आठ जण वाचत नाहीत, त्यातले अनेक तर दवाखान्यापर्यंतही पोचत नाहीत.

आइन्स्टाइन याच आजाराने गेले. १९४८ मध्ये रुडॉल्फ निसेन या सर्जनने त्यांचं पोट उघडलं तेव्हा महाधमनीला मोठा फुगवटा दिसला. त्या काळी तो भाग काढून टाकायची सोय नव्हती. निसेन यांनी त्याभोवती सेलोफेन गुंडाळला, म्हणजे भोवती जाड व्रण तयार होऊन भिंतीला आधार मिळेल. त्यावर आइन्स्टाइन आणखी सहा वर्षांहून जास्त जगले. एप्रिल १९५५ मध्ये तो फुगवटा फुटला. तोवर पॅरिसमध्ये शार्ल द्युबोस्त यांनी १९५१ मध्ये असा भाग कापून नवी नळी जोडण्याची शस्त्रक्रिया करून दाखवली होती, पण आइन्स्टाइननी ऑपरेशनला नकार दिला. १८ एप्रिलला, वयाच्या ७६ व्या वर्षी, ते प्रिन्स्टनमध्ये वारले.

एका ओळीचा शोध

मोठे मामा ७३ वर्षांचे, विद्युत मंडळातून निवृत्त. चाळीस वर्षं सिगारेट ओढून पाच वर्षांपूर्वी सोडली. हृदयात एक स्टेंट आधीच बसलेला. लघवीचा त्रास होतो म्हणून त्यांची सोनोग्राफी झाली. प्रोस्टेट थोडी वाढलेली निघाली, त्यावर गोळ्या मिळाल्या, सगळे निर्धास्त. रिपोर्टच्या खालच्या बाजूला एक ओळ होती: महाधमनी ५.८ सें.मी. ती मामींनी वाचली. मामी शाळेत गणित शिकवायच्या, आकडा दिसला की थांबतातच. त्यांनी मला फोटो पाठवला आणि विचारलं, "अरे, हे ५.८ म्हणजे चांगलं की वाईट?"

मग कपाटातली जुनी फाइल निघाली. चार वर्षांपूर्वी मुतखड्यासाठी केलेल्या सोनोग्राफीतही तीच ओळ होती: ४.२. म्हणजे फुगवटा तेव्हापासून होता आणि हळूहळू वाढत होता. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून ठेवलेला होता. आपल्या घरांत रिपोर्ट जपले जातात, पण वाचले जातात ते फक्त ज्या दुखण्यासाठी तपासणी केली तेवढ्यापुरते.

दोन रस्ते

रक्तवाहिन्यांच्या सर्जननी सी.टी. अँजिओग्राफी करून घेतली आणि दोन रस्ते समोर ठेवले.

पहिला जुना आणि भरवशाचा. पोट उघडायचं, महाधमनीला वर-खाली चिमटे लावून रक्त थांबवायचं, फुगलेला भाग उघडून तिथे कापडाची नळी शिवायची. हे कापड म्हणजे डेक्रॉन, आपल्या पॉलिस्टरचाच भाऊ. ह्यूस्टनचे मायकेल डिबेकी यांनी पन्नाशीच्या दशकात अशा नळ्या घरच्या शिलाई मशीनवर शिवून पाहिल्या होत्या. ऑपरेशन मोठं, आय.सी.यू., आठ-दहा दिवस दवाखाना आणि पूर्ववत व्हायला दोन-तीन महिने.

दुसरा रस्ता आतून जाण्याचा. त्याला इव्हार म्हणतात. कॉलनीतली जुनी पाइपलाइन गळायला लागली की हल्ली रस्ता न खोदता जुन्या पाइपाच्या आतच नवीन अस्तर सरकवतात, तसंच हे. जुनी भिंत जागेवरच राहते, रक्त मात्र आतल्या नव्या नळीतून वाहतं. फुगलेल्या भागावर रक्ताचा दाब पडणं बंद झालं की तो फुटण्याची भीती जाते.

ही कल्पना अर्जेंटिनाच्या हुआन पारोदी यांना सत्तरीच्या दशकात सुचली. ज्यांची हृदयं किंवा फुफ्फुसं मोठं ऑपरेशन सोसणार नाहीत अशा म्हाताऱ्या माणसांसाठी काहीतरी हवं होतं. डेक्रॉनच्या नळीला धातूची जाळी शिवायची, ती मिटवून जांघेतल्या धमनीतून वर न्यायची आणि जागेवर फुगवायची, असा तो बेत होता. जाळी होती हुलिओ पाल्माझ यांची. ७ सप्टेंबर १९९० रोजी ब्युनोस आयर्समध्ये पारोदींनी हे माणसावर पहिल्यांदा केलं आणि पुढच्या वर्षी प्रसिद्ध केलं. त्याआधी १९८७ मध्ये युक्रेनमधल्या खार्किवला निकोलाय वोलोदोस यांनी छातीतल्या महाधमनीत असंच काम केलं होतं, पण ते रशियन भाषेत छापलं गेल्यामुळे बाकी जगाला उशिरा कळलं.

आत काय करतात?

मामांचं ऑपरेशन ठरल्यावर सर्जननी आम्हाला बसवून चित्र काढून समजावलं. ते असं.

फुगवट्याच्या वर, मूत्रपिंडाच्या फांद्यांच्या खाली, जो धमनीचा चांगला तुकडा उरतो त्याला मान म्हणतात. नवी नळी तिथेच पकड घेते. म्हणून मान पुरेशी लांब हवी, निदान १० ते १५ मि.मी., आणि फार वाकडी नको. मामांची २१ मि.मी. होती. नळी मानेपेक्षा १० ते २० टक्के मोठी घेतात, म्हणजे ती सतत बाहेरच्या दिशेने दाबून बसते. मान २४ मि.मी. रुंद असेल तर नळी २८ ची. जाळीसाठी बरेचदा निटिनॉल वापरतात. हा निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू थंड असताना दाबून बारीक करता येतो आणि शरीराच्या उष्णतेला आपल्या मूळ आकारात उघडतो.

दोन्ही जांघांतून धमनीत सुई, मग तार. तारेवरून पेन्सिलीएवढ्या जाड आवरणात मिटलेली मुख्य नळी वर जाते. डाय सोडून क्ष-किरणांच्या पडद्यावर मूत्रपिंडाच्या फांद्या पाहतात आणि बरोबर त्यांच्या खाली नळी उघडतात. दोन-चार मि.मी. वर सरकली तर मूत्रपिंडाचं रक्त अडेल, खाली राहिली तर पकड कमी पडेल. मुख्य नळी पॅन्टसारखी असते, एक पाय लांब आणि एक आखूड. दुसऱ्या जांघेतून तार नेऊन ती त्या आखूड पायाच्या तोंडात घालावी लागते आणि मग तिथून दुसरा पाय जोडतात. शेवटी फुगा फुगवून सांधे दाबून बसवायचे आणि पुन्हा डाय सोडून कुठून गळत नाही ना ते पाहायचं. मामांना अडीच तास लागले. चौथ्या दिवशी ते घरी आले आणि संध्याकाळी त्यांनी वरण-भात आणि लिंबाचं लोणचं मागितलं.

मग जुनं ऑपरेशन करायचंच कशाला?

हा प्रश्न आमच्या घरात सगळ्यांनी विचारला. याचं उत्तर ब्रिटनमधल्या इव्हार-१ नावाच्या चाचणीत आहे. १९९९ ते २००४ या काळात ३७ रुग्णालयांतल्या १,२५२ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत विभागलं. पहिल्या ३० दिवसांत आतून नळी बसवलेल्यांपैकी १.८ टक्के दगावले, पोट उघडलेल्यांपैकी ४.३ टक्के. इथवर नव्या पद्धतीची सरशी.

पण त्या लोकांचा पाठपुरावा पुढे १५ वर्षं केला गेला. काही वर्षांतच सुरुवातीचा फायदा पुसला गेला, आणि आठ वर्षांनंतर तर जुन्या पद्धतीने शिवलेल्यांची स्थिती जास्त चांगली होती. कारण शिवलेली नळी सहसा कायमची बसते. आतून घातलेली नळी मात्र केवळ पकडीवर टिकते. मान आणखी रुंद होऊ शकते, नळी खाली सरकू शकते, सांधा सुटू शकतो, आणि जुन्या फुगवट्यात पुन्हा रक्त शिरू शकतं. याला एन्डोलीक म्हणतात. वरच्या-खालच्या टोकाला गळती असेल तो पहिला प्रकार. छोट्या फांद्यांतून उलटं रक्त येत असेल तो दुसरा, तो सर्वांत जास्त दिसणारा आणि बहुतेकदा निरुपद्रवी. सांध्यातून किंवा कापड फाटून गळत असेल तो तिसरा. पहिला आणि तिसरा आढळले तर लगेच दुरुस्ती करावी लागते.

म्हणून महिन्याने एकदा, वर्षाने एकदा आणि मग दरवर्षी सी.टी. किंवा सोनोग्राफी करावी लागते, आयुष्यभर. आमच्या क्षेत्रातल्या भाषेत सांगायचं तर ही एकदा इन्स्टॉल करून विसरायची वस्तू नाही. हिला मेन्टेनन्स आहे.

मोठ्या मामांच्या पहिल्या सी.टी.त दुसऱ्या प्रकारची बारीक गळती दिसली. घरात सुतकी शांतता. सर्जन म्हणाले, फुगवटा वाढत नाही तोवर हात लावायचा नाही. वर्षाच्या सी.टी.त गळती तशीच होती, पण फुगवटा ५.८ चा ५.५ झाला होता. मामांना आकडे कळत नाहीत असं आम्ही समजत होतो. त्यांनी ती तारीख आणि तो आकडा देवघराच्या बाजूच्या कॅलेंडरवर स्वतःच्या हाताने लिहून ठेवला.

धाकट्या मामांचं काय?

मोठ्या मामांना निघालं म्हटल्यावर सर्जननी विचारलं, "सख्खे भाऊ-बहीण किती? पन्नाशी ओलांडलेल्या सगळ्यांची एकदा सोनोग्राफी करा." आईची महाधमनी १.८ निघाली, सुटलो. धाकटे मामा ५८ वर्षांचे, दुकान सांभाळणारे, तब्येत ठणठणीत. त्यांची ४.३ निघाली.

धाकटे मामा त्याच आठवड्यात म्हणाले, "मला पण तीच नळी घालून टाका. दादा चार दिवसांत घरी आला. मी कशाला डोक्यावर टांगती तलवार घेऊन फिरू?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. रात्री झोप लागत नाही, पोटात गॅस झाला तरी वाटतं फुटलं, हे ते माझ्याशी बोलले, मामीशी नाही.

पण सर्जन नाही म्हणाले. ४ ते ५.५ सें.मी. मधल्या फुगवट्यांवर लगेच ऑपरेशन करावं की लक्ष ठेवून थांबावं, यावर ब्रिटन आणि अमेरिकेत दोन मोठ्या चाचण्या झाल्या. त्यांचे निकाल १९९८ आणि २००२ मध्ये आले. लगेच ऑपरेशन केलेल्यांचं आयुष्य वाढलं नाही. पुढे छोट्या फुगवट्यांत आतून नळी घालूनही पाहिलं, तिथेही तेच. ५.५ च्या आत फुटण्याचा धोका इतका कमी असतो की ऑपरेशनचा धोका त्याच्यावर भारी पडतो. स्त्रियांमध्ये फुगवटा लहान असतानाही फुटू शकतो, म्हणून त्यांच्यासाठी ५ सें.मी. ही रेषा धरतात. दुखायला लागलं किंवा एका वर्षात १ सें.मी. पेक्षा जास्त वाढ झाली तर मात्र आकडा न पाहता सर्जनकडे जायचं.

आणि पुढे कधी ५.५ झालाच, तर धाकट्या मामांसाठी कदाचित पोट उघडण्याचा जुना रस्ताच बरा असेल, असंही ते म्हणाले. हृदय चांगलं आहे, समोर पंचवीस-तीस वर्षं आहेत. एवढी वर्षं दरवर्षी तपासण्या, मध्ये एखादी दुरुस्ती, यापेक्षा एकदा नीट शिवलेलं चांगलं. ७३ वर्षांच्या, हृदयात स्टेंट असलेल्या भावाचं गणित निराळं होतं. एका आईची दोन मुलं, आजार एक, उत्तरं दोन. माझ्या आईला हे पटायला वेळ लागला. तिला वाटत होतं, एकाला नवीन यंत्र दिलं आणि दुसऱ्याला वाट बघायला सांगितलं.

धाकट्या मामांना थांबणं म्हणजे काहीच न करणं वाटू नये, म्हणून सर्जननी यादी दिली. तंबाखू पूर्ण बंद, कारण फुगवटा वाढण्याचा वेग कमी करणारी सर्वांत खात्रीची गोष्ट हीच. रक्तदाब ताब्यात. कोलेस्टेरॉलची गोळी हृदयासाठी. फुगवटा लहान करणारं औषध अजून नाही, त्यामुळे कुणी काढा-चूर्ण विकायला आलं तर पैसे वाचवा. आणखी एक गोष्ट मला नवीन होती. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातली प्रतिजैविकं अशा रुग्णांनी शक्यतो टाळावीत, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला आहे. आपल्याकडे जुलाब झाले की या गोळ्या मेडिकलवाल्याकडून सरळ आणल्या जातात. आता धाकट्या मामांच्या पाकिटात चिठ्ठी आहे.

विचारायला लाजू नका

एक गोष्ट इंजिनियर म्हणून सांगतो. अमेरिकेत अशा नळ्यांना १९९९ मध्ये परवानगी मिळाली. पहिल्या दोनपैकी एक गायडंट कंपनीच्या उपकंपनीची होती. ती बसवण्याचं साधन शरीरात अडकून बसत होतं. कंपनीने अशा २,६२८ तक्रारी सरकारपासून दडवल्या. त्या घटनांत १२ मृत्यूही होते. शेवटी कंपनीतल्याच सात जणांनी नाव न घालता पत्र लिहून हे उघड केलं. २००३ मध्ये कंपनीने १० गुन्हे कबूल केले आणि ९ कोटी २४ लाख डॉलर भरले. आजच्या नळ्या पुष्कळ पुढे गेल्या आहेत. पण बग रिपोर्ट दडवला की काय होतं, हे आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्याजोगं आहे. आणि घरच्यांनीही: कुठल्या कंपनीची कोणत्या मापाची नळी बसली, त्याचं कार्ड मागून घ्या आणि फोटो काढून ठेवा.

आता तुमच्यासाठी, म्हणजे घरात मोबाइल ज्याच्या हातात असतो त्या पिढीसाठी, चार कामं.

एक. आई-बाबा, काका-मामा यांचे जुने पोटाच्या सोनोग्राफीचे रिपोर्ट काढा आणि महाधमनीची ओळ शोधा. ३ किंवा जास्त असेल तर डॉक्टरांना दाखवा.

दोन. ब्रिटनमध्ये प्रत्येक पुरुषाला ६५ व्या वर्षी या सोनोग्राफीचं बोलावणं येतं. आपल्याकडे अशी सरकारी मोहीम नाही, त्यामुळे बोलावणं तुम्हीच पाठवायचं आहे. ज्यांनी कधीकाळी सिगारेट-बिडी ओढली आहे त्या पासष्टीच्या पुढच्या पुरुषांपासून सुरुवात करा. तपासणी दहा-पंधरा मिनिटांची, सुई नाही, डाय नाही.

तीन. घरात कुणाला निघाला असेल तर सख्ख्या भावंडांना सांगा. "उगाच घाबरतील" म्हणून लपवू नका. आमच्या धाकट्या मामांना कळलं ते केवळ मोठ्या मामांनी स्वतः फोन केला म्हणून.

चार. नळी बसली असेल तर पुढच्या तपासणीची तारीख स्वतःच्या कॅलेंडरमध्ये टाका, दरवर्षी परत येणारी. मामांचा मुलगा बेंगळुरूला, मी इंदूरला, तर आम्ही दोघांनी तारखा वाटून घेतल्या आहेत: मोठ्या मामांच्या माझ्याकडे, धाकट्यांच्या त्याच्याकडे. ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यात वीस माणसं जमतात. सहाव्या वर्षीच्या सी.टी.ला सोबत जायला एक माणूस लागतो, आणि तो आधीच ठरलेला बरा.

पुढच्या महिन्यात मेडिक्लेमची पॉलिसी कशी वाचायची ते पाहू. स्टेंट-ग्राफ्टचा खर्च लाखांत जातो आणि रोपणाच्या साहित्याची मर्यादा पॉलिसीच्या बारीक अक्षरांत लपलेली असते. आपापली पॉलिसी शोधून ठेवा, सोबत बसून वाचू.